क्लायंटला खरंच बरं वाटतंय का? सेशनमधली प्रगती मोजायला सुरुवात कशी करावी

“कसं वाटतंय?”
“बरं वाटतंय मॅडम.”

मी समुपदेशक म्हणून काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षी एका क्लायंटबरोबरची सात सेशन्स अशीच सुरू झाली. चाळिशीतल्या ताई. दर बुधवारी वेळेवर यायच्या, सांगितलेलं वहीत लिहून घ्यायच्या. आठव्या बुधवारी आल्या नाहीत. मी समजले, बऱ्या झाल्या. चार महिन्यांनी नवऱ्याला घेऊन परत आल्या, तेव्हा चेहरा पार उतरलेला होता. मी विचारलं, “तेव्हा तर बरं वाटत होतं ना?” खाली बघत म्हणाल्या, “झोप तेव्हाही लागत नव्हती. पण तुम्ही एवढं मनापासून करत होता, तुम्हाला कसं सांगायचं?”

त्या उत्तरानंतर मी मोजायला शिकले. हा लेख नुकतंच काम सुरू केलेल्या समुपदेशकांसाठी आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. (ओळख पटू नये म्हणून प्रसंगांतले तपशील बदलले आहेत.)

दोष फक्त क्लायंटच्या भिडेचा नाही, आपला अंदाजही चुकतो. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातल्या थेरपिस्टना विचारलं होतं की तुमच्याकडे येणाऱ्या ५५० क्लायंटपैकी कोणाची अवस्था बिघडेल. त्यांनी ३ जणांची नावं दिली. प्रत्यक्षात ४० जणांची अवस्था बिघडली आणि त्या तिघांपैकी एकाचाच अंदाज बरोबर ठरला. त्यांत शिकाऊ होते तसे अनुभवीही होते. आपण त्यांच्यापेक्षा वेगळे असू असं समजायला काही आधार नाही.

सुरू करण्याआधी हे जवळ हवं

- नैराश्याच्या लक्षणांसाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७, या दोन्ही प्रश्नावल्यांच्या मराठी प्रती
- क्लायंटच्या स्वतःच्या शब्दांतली ध्येयं लिहायला एक कोरा कागद
- प्रत्येक फाईलमध्ये आलेख कागदाचं एक पान
- लेखी संमतीपत्र, त्यात मोजमापाचा आणि गोपनीयतेचा उल्लेख
- कुलूप लागणारं कपाट
- जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाचा फोन नंबर आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, दोन्ही टेबलावर दिसतील असे
- तुमच्या केसेस ऐकणारा सुपरव्हायझर

ॲप किंवा महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. पहिले सहा महिने कागद आणि पेन्सिलच वापरा.

१. दोनच गोष्टी मोजा

नव्या उत्साहात आपण पाच प्रश्नावल्या पुढे ठेवतो आणि तिसऱ्या आठवड्यात क्लायंटही कंटाळतो, आपणही. एक मापन लक्षणांचं आणि एक ध्येयांचं, एवढं पुरेसं आहे.

लक्षणांसाठी मी बहुतेकांना पीएचक्यू-९ देते. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. विचारणा मागच्या दोन आठवड्यांची असते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र आणि २० पासून तीव्र, अशा पायऱ्या आहेत. जीएडी-७ मध्ये सात प्रश्न, एकूण २१ गुण आणि पायऱ्या ५, १०, १५. दोन्ही वापरायला पैसे किंवा परवानगी लागत नाही. मात्र या प्रश्नावल्या निदान करत नाहीत. १४ गुण आले म्हणजे “तुम्हाला डिप्रेशन आहे” असं सांगायचा अधिकार त्या कागदाने आपल्याला दिलेला नाही.

आकडे वाचताना माणसाचं जगणं डोळ्यांसमोर ठेवा. नवरात्रात नऊ दिवसांचे कडक उपास चालू असतील तर भुकेच्या आणि थकव्याच्या प्रश्नाचे गुण त्यामुळेही चढतात. थायरॉईड किंवा रक्त कमी असेल तरी थकवा वाढतो. एकूण गुणांपेक्षा कोणत्या प्रश्नाने गुण चढवले ते आधी बघा.

ध्येयं क्लायंटच्याच तोंडची लिहा. “आत्मविश्वास वाढवणे” हे आपलं वाक्य झालं. “सासूबाई बोलल्या की छातीत धडधडायचं थांबावं”, “सकाळी उठून मुलीचा डबा करता यावा” ही त्यांची. दोन किंवा तीन ध्येयं घ्या आणि प्रत्येकाला दर वेळी ० ते १० गुण द्यायला सांगा. ० म्हणजे अजून काहीच झालं नाही, १० म्हणजे पूर्ण झालं. कित्येकदा लक्षणांचा आकडा हलत नसतो, पण डब्याचं ध्येय २ वरून ५ वर गेलेलं असतं. ते दाखवलं की क्लायंटचा चेहरा बदलतो.

२. भाषा आणि छपाई तपासा

इंग्रजी कागद समोर ठेवून तोंडी भाषांतर करू नका. दर वेळी शब्द बदलतात आणि मग आकडा माणसामुळे बदलला की शब्दांमुळे, हे कळत नाही. पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ च्या तयार मराठी आवृत्त्या आहेत, त्याच वापरा.

वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवा, पण उत्तर सुचवू नका. “झोप लागत नाही ना?” असं विचारलं की “नाही” हेच उत्तर येणार. चार पर्याय बोटांवर मोजून दाखवा: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. “दोन आठवडे” हे माप सगळ्यांच्या सवयीचं नसतं. तालुक्याच्या गावी काम करत असताना मी विचारायचे, “मागचे दोन बाजार झाले, तेवढ्या दिवसांत?” आठवडी बाजाराचा दिवस कोणी विसरत नाही.

काही मापनांत आकड्यांऐवजी १० सेंटिमीटरच्या रेघा असतात. क्लायंट रेघेवर खूण करतो आणि आपण पट्टीने मोजतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्कॉट मिलर आणि बॅरी डंकन यांची ओआरएस ही पट्टी अशीच आहे. स्वतःचं बरेपण, जवळची नाती, काम आणि समाजातला वावर, आणि एकंदर, अशा चार रेघा, एकूण ४० गुण. प्रौढांचे २५ पेक्षा कमी आले तर त्रास लक्ष देण्याजोगा समजतात. क्लायंटसमोर तिला ‘आठवड्याची पट्टी’ म्हणा, ओआरएस म्हटलं की जुलाबावरची पुडी आठवते. झेरॉक्स काढताना रेघ आखूड होते, ही यातली खरी अडचण. माझ्या एका गठ्ठ्यात ती साडेनऊ सेंटिमीटरच भरली होती. छपाई झाली की आधी पट्टी लावा. वापरण्याआधी परवान्याच्या अटी वाचा, संस्थेसाठी त्या वेगळ्या असतात.

३. पहिल्याच सेशनमध्ये कारण सांगा

न सांगता कागद पुढे केला तर क्लायंटला परीक्षा वाटते, किंवा सरकारी फॉर्म. मी साधारण असं बोलते:

“दर वेळी सेशनच्या आधी पाच मिनिटं हा कागद भरायचा. यात पास-नापास काही नाही. तुम्हाला फरक पडतोय का, ते आपल्या दोघींना दिसावं म्हणून. फरक पडत नसेल तर त्याचा अर्थ तुम्ही कमी पडताय असा नाही, मला माझी पद्धत बदलायला हवी असा आहे.”

शेवटचं वाक्य गाळू नका. आपल्याकडे डॉक्टर आणि गुरुजींना नाही म्हणायची सवय नाही, आणि समुपदेशक त्याच रांगेत जाऊन बसतो.

हा कागद कोण बघणार, तेही तेव्हाच सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. जीव धोक्यात असेल तेव्हा त्याला अपवाद असतो, हे आधीच स्पष्ट करा. प्रसंग आल्यावर सांगितलं तर विश्वासघात वाटतो.

४. सेशनच्या आधी भरून घ्या आणि त्याच क्षणी वाचा

हे मी चुकीतून शिकले. एका संस्थेत काम करताना रोज सात-आठ क्लायंट असायचे. बाहेर भरलेला कागद माझ्या हातात यायचा आणि मी तो फाईलमध्ये सरकवायचे. एका संध्याकाळी साडेसात वाजता फाईली आवरताना एका तरुणाचा कागद दिसला. नवव्या प्रश्नावर, म्हणजे मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का या प्रश्नावर, २ वर गोल होता. निम्म्याहून जास्त दिवस. तो दुपारी माझ्यासमोर पंचेचाळीस मिनिटं बसून गेला होता आणि आम्ही त्याच्या ऑफिसातल्या भांडणाबद्दल बोललो होतो. फोन लावताना माझे हात थरथरत होते. त्याने उचलला. पहिलं वाक्य काय होतं माहीत आहे? “मॅडम, मला वाटलं तुम्ही वाचलंय आणि तुम्हाला ते तेवढं मोठं वाटलं नाही.”

म्हणून कागद हातात आला की सगळ्यात आधी नववा प्रश्न बघा. तिथे १ असला तरी सेशनची सुरुवात तिथूनच करा. थेट विचारा: असे विचार कधी येतात? काही ठरवलंय का? साधन जवळ आहे का? विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो ही भीती चुकीची आहे, उलट माणूस मोकळा होतो. शेतकरी घर असेल तर कीटकनाशक कुठे ठेवता हे विचारा आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या कोणाकडे देता येईल का, ते त्यांच्याशी ठरवा. सोबत कोण राहणार, रात्री बारा वाजता कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून द्या. टेली-मानस २४ तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. धोका जास्त वाटला तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, माणसाला एकटं सोडू नका.

व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून घरी फॉर्म भरून घेणं सोयीचं वाटतं, पण आपल्या घरांत फोन एकट्याचा नसतो. एका आजींचा फॉर्म तीन आठवडे त्यांची सून भरत होती, सगळं छान चाललंय असा. ऑनलाइन सेशन असेल तर सुरुवातीला क्लायंट एकटा आहे याची खात्री करून बोलता बोलता भरून घ्या.

५. आकडा समोर ठेवून बोला

भरलेला कागद फाईलमध्ये गेला की क्लायंटला कळतं, हे नुसतं कागद काळे करणं आहे, आणि मग तो डोळे झाकून गोल करत सुटतो. त्याच्यासमोर बेरीज करा, आलेखावर ठिपका द्या आणि विचारा: “मागच्या वेळी १६ होते, आज १२. तुम्हाला तसं जाणवतंय का?”

“नाही हो, तसं काही नाही” असं उत्तर आलं तर आकड्याची बाजू घेऊ नका. माणसाचं म्हणणं आणि आकडा जुळत नाहीत, तिथे बहुतेक वेळा कामाची गोष्ट दडलेली असते. एका बाईंचे गुण एकदम ८ ने उतरले. मी खूश झाले. त्या म्हणाल्या, “नवरा आठवडाभर बाहेरगावी होता.” पुढची चार सेशन्स त्याच वाक्यावर झाली.

एक-दोन गुणांच्या चढउताराने हुरळू नका, घाबरूही नका. पीएचक्यू-९ वर ५ गुणांचा बदल झाला तर तो खरा धरतात. सुरुवातीच्या गुणांच्या निम्म्यावर आले तर उपचार लागू पडतोय, आणि ५ च्या खाली आले तर लक्षणं जवळपास गेली, असं मानायची पद्धत आहे.

६. शेवटची पाच मिनिटं क्लायंटला द्या

इथे नवे लोक सगळ्यात जास्त कच खातात, मीही खात होते. लक्षणांचा कागद क्लायंटबद्दल असतो, पण हा भाग आपल्याबद्दल असतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली थेरपीतल्या नात्याचे तीन धागे सांगितले: एकमेकांतला जिव्हाळा, ध्येयांवर एकमत आणि ती गाठण्याच्या रीतीवर एकमत. या तीन धाग्यांचेच मी तीन प्रश्न करते:

- आज तुमचं म्हणणं मला नीट समजलं, असं वाटलं का?
- ज्याबद्दल बोलायचं होतं त्याबद्दल बोलणं झालं का?
- मी सुचवलेली पद्धत तुम्हाला जमण्यासारखी आहे का?

पहिले काही आठवडे तिन्हीला “हो, छान” असंच उत्तर येईल. ते कौतुक म्हणून घेऊ नका. “सेशन कसं वाटलं?” असं विचारूच नका, त्याचं उत्तर “छान” याशिवाय दुसरं नसतं. नकार देणं सोपं होईल असा प्रश्न करा: “आजच्या पाऊण तासातली कोणती पाच मिनिटं काढून टाकली असती तर चाललं असतं?” किंवा “घरी जाताना रिक्षात मनात येईल की हे मॅडमना सांगायला हवं होतं, असं काय आहे?” रिक्षाच्या प्रश्नावर मला आजवर सगळ्यात खरी उत्तरं मिळाली आहेत. एका मुलीने सांगितलं, “तुम्ही ‘आई-बाबांच्या बाजूनेही बघ’ म्हणता ना, तेव्हा मला उठून जावंसं वाटतं.” मला ते वाक्य लागलं. पण ती उठून गेली नाही, कारण तिला ते बोलता आलं.

असं काही ऐकल्यावर तोंडातून पहिला शब्द “पण” निघू देऊ नका. “पण माझा हेतू तसा नव्हता” म्हटलं की तो दरवाजा कायमचा बंद झाला. “हे सांगितलंस ते बरं केलंस, आणखी कधी असं वाटलं?” एवढंच विचारा, फाईलमध्ये तिच्याच शब्दांत लिहा आणि पुढच्या सेशनची सुरुवात त्यावरून करा. मी माझं वागणं बदललं हे तिला दिसलं, तरच ती पुन्हा बोलेल.

हे लिहून घ्यायचं असेल तर मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची एसआरएस ही चार रेघांची पट्टी आहे. ४० पैकी ३६ च्या खाली गुण आले तर त्यावर बोलायचं असतं. पहिल्याच दिवशी ४० पैकी ४० मिळाले तर मला आनंद होत नाही. तिसऱ्या आठवड्यात कोणी ३४ दिले की बरं वाटतं, त्याला माझी भीड राहिलेली नाही.

७. रेघ अडकली असेल तर थांबून बघा

चौथ्या-पाचव्या सेशननंतर आलेख नीट बघा. एका गृहस्थांचे आकडे होते १७, १६, १७, १५, १७. मी त्यांच्या विचारांच्या नोंदवह्या तपासत होते, ते इमानदारीने भरत होते. आलेख त्यांच्याकडे फिरवून म्हटलं, “ही रेघ खाली येत नाही. आपण चुकीच्या जागी तर खणत नाही ना?” बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “मी मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहिलोय. पतसंस्थेची नोटीस आलीय. घरात कोणाला माहीत नाही.” त्या दिवशी आम्ही ध्येयं नव्याने लिहिली. बायकोला सांगायचं कसं हे पहिलं, वकिलाला भेटायचं हे दुसरं. नवव्या सेशनला गुण ११ होते.

रेघ अडकली किंवा वर गेली तर मी याच क्रमाने तपासते. ध्येय त्यांचं आहे की माझं? पद्धत त्यांना पटते का? माझ्याबद्दल काही खुपतंय का? मग बाहेरचं: घरात मारहाण, दारू, अंगातला आजार, आणि औषधं बंद केली का. हा शेवटचा प्रश्न दर वेळी विचारा. “गोळ्यांची सवय लागते” असं शेजारणीने सांगितलं म्हणून औषध परस्पर बंद करणारे खूप भेटतात.

हे सगळं करूनही आठ-दहा सेशन्समध्ये काहीच हललं नाही, तर दुसऱ्या समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. मला हे पहिल्यांदा करताना रात्रभर झोप लागली नव्हती. त्या क्लायंटचा तिकडे दोन महिन्यांत निम्मा त्रास कमी झाला.

८. सुपरव्हिजनला आलेख घेऊन जा

आपण सहसा रंगतदार केस घेऊन जातो. त्याऐवजी ज्यांची रेघ अडकली आहे ते सगळे आलेख टेबलावर मांडा आणि तिथून सुरुवात करा.

संस्थेत काम करत असाल तर एक काळजी घ्या. हे आकडे तुमच्या पगारवाढीला जोडले जात असतील तर ठामपणे विरोध करा. ज्या दिवशी आकड्यावर नोकरी ठरते, त्या दिवसापासून क्लायंटला “आज जरा बरंच असेल ना?” असं विचारलं जातं.

“आपल्याकडचे लोक असले कागद भरत नाहीत” असंही ऐकाल. गोव्यात संगात या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्यावर काम करून घेतलं. तिथे लक्षणं मोजायला पीएचक्यू-९ होतंच. त्याचे चांगले निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

९. कागद सांभाळा

फाईलवर नावाऐवजी क्रमांक, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कुलपात. आलेखाचा फोटो फोनमध्ये काढू नका, तो आपोआप कुटुंबाच्या अल्बममध्ये जाऊन बसतो. क्लायंटने स्वतःच्या नोंदी मागितल्या तर बघायला द्या, त्याच कायद्याच्या कलम २५ मध्ये तो हक्क आहे. नवरा, आई किंवा कंपनीचा एचआर मागायला आला तर क्लायंटच्या लेखी संमतीशिवाय आकडा सांगू नका. “फक्त सुधारणा आहे का तेवढं सांगा” यालाही उत्तर तेच.

१०. सेशन्स थांबवताना

तीन-चार वेळा गुण खाली स्थिर राहिले आणि ध्येयं ७-८ च्या पुढे गेली की थांबण्याबद्दल बोलायला घ्या. शेवटच्या सेशनला पूर्ण आलेख क्लायंटसमोर ठेवा आणि त्यालाच वाचू द्या. कुठे रेघ पडली, कुठे चढली, तेव्हा काय केलं होतं, हे तो सांगेल आणि आपण लिहायचं. पुन्हा चढायला लागली तर पहिली खूण कोणती असेल, तेही विचारा. सुरुवातीला सांगितलेल्या ताई दुसऱ्या खेपेला पंधरा सेशन्स आल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी आलेखावर बोट ठेवून सांगितलं, “मी लोणच्याच्या ऑर्डरी घ्यायचं बंद केलं की समजायचं.” ते वाक्य त्यांच्याच अक्षरात आलेखाखाली लिहून घेतलं. एक प्रत त्यांना दिली आणि एक महिन्यानंतरची व तीन महिन्यांनंतरची अशा दोन तारखा डायरीत टाकल्या. त्या दिवशी फोन करून तेच नऊ प्रश्न पुन्हा विचारायचे असतात.